थान मावशींच्या पाटीवरचे शब्द

चीनमधल्या लेशान शहरात, एका मागच्या गल्लीत थान ग्वेइशिआंग मावशींचं पाय चोळायचं दुकान होतं. पाटीवर लिहिलं होतं: ‘मान, खांदा, कंबर, पाय यांचं दुखणं हमखास बरं करू. ऐंशी युआन.’

एका सकाळी बाजार खात्याचे निरीक्षक कोउ साहेब आले.

“मावशी, तुम्ही डॉक्टर आहात?”

“नाही हो. डॉक्टरला इतकी गिऱ्हाइकं कुठली!”

“मग ‘दुखणं’, ‘बरं’, ‘हमखास’ हे शब्द चालणार नाहीत. ते दवाखान्याचे. तुम्ही फक्त आराम द्यायचा. तीन दिवसांत पुसा.”

मावशी कायद्याला भिऊन असायच्या. त्यांनी तासाभरात रंगाचा डबा आणला आणि नको ते सगळं पुसून टाकलं. राहिलं ते एवढंच: ‘मान, खांदा, कंबर, पाय. ऐंशी युआन.’

दुसऱ्या दिवशी पिशवी घेतलेली एक बाई दारात उभी राहिली. “पाय ऐंशीला? डुकराचा की बैलाचा?”

“अहो, माणसाचा!”

बाई पिशवी टाकून पळाली.

दुपारपर्यंत आणखी चौघे मटण मागून गेले. एकाने तर “खांद्याचं हाड वेगळं काढून द्या” म्हणून हट्टच धरला. मावशींना रडावं की हसावं कळेना.

तिसऱ्या दिवशी कोउ साहेब तपासणीला आले. पाटी वाचायला त्यांनी मान वर केली, आणि ती तिथेच अडकली.

“आई गं! मावशी, माझी मान—”

“थांबा! पुढचं बोलू नका. दुखतंय म्हणालात तर मला हात लावता येणार नाही. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे आहे.”

“मला रस्ता दिसत नाहीये हो! आभाळ तेवढं दिसतंय.”

“मग नीट विचार करून सांगा, काय हवंय?”

साहेबांनी आभाळाकडे बघतच मनातल्या मनात शब्द चाळले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “आराम.”

“आता कसं बोललात!”

मावशींनी त्यांचे पाय गरम पाण्याच्या घंगाळात ठेवले, मानेवर ऊन टॉवेल टाकला आणि खांदे हलकेच चोळले. अर्ध्या तासाने मान आपसूक खाली आली.

“बरा झालो!” साहेब ओरडले.

मावशींनी झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. “शब्द, साहेब, शब्द! दंड मला होईल!”

साहेब ओशाळले. “आरामशीर वाटतंय,” ते म्हणाले. फुकट काही घ्यायचं नाही, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे मोबाइलवरून पूर्ण पैसे भरले. मग ओल्या पायांनीच स्टुलावर चढले, कोपऱ्यातल्या रंगाच्या डब्यातला कुंचला मागून घेतला आणि पाटी स्वतः रंगवली: ‘पाय भिजवा, निवांत बसा.’

तेव्हापासून दुकानात रांग लागते. कुणी कण्हत आत आलं की मावशी कानांवर हात ठेवतात. “मी काही ऐकलं नाही. चपला काढा आणि बसा.”