दुसरा कौल

मॅट्रिकचा निकाल लागल्यापासून पुणतांब्याच्या दत्तोपंत मास्तरांच्या घरात तीन गावांची नावं उठता-बसता निघत होती. पुणे, काशी आणि कराची. मास्तरांची एकुलती एक सुमेधा नगरला मावशीकडे राहून पहिल्या वर्गात पास झाली होती आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिन्ही ठिकाणची माहितीपत्रकं टपालानं आली, तशी तिच्या आईनं, प्रेमलाबाईंनी, त्यांना हळदकुंकू लावून ती देव्हाऱ्यापुढं ठेवली.

"आई, देवांना इंग्रजी वाचता येतं का गं?" सुमेधेनं विचारलं.

"त्यांना वाचावं लागत नाही."

"मग आप्पांना सांग, अर्जही देवांकडूनच भरून घ्या म्हणावं."

प्रेमलाबाई हसल्या, पण मनातून त्या हसत नव्हत्या. पुण्याला बायकांच्या विद्यापीठाचं कॉलेज होतं, लोकांच्या देणग्यांवर चाललेलं. जवळचं, ओळखीचं. पण त्याची पदवी सरकारदरबारी चालत नव्हती, डॉक्टरकीच्या वाटेवर तर तिचा काहीच उपयोग नव्हता. काशीचं विद्यापीठही वर्गणीतूनच उभं राहिलेलं, आणि सुमेधेचा सगळा जीव तिथं. तिथं मुलींचं वसतिगृह होतं, प्रयोगशाळा होती. मात्र दोन रात्रींचा प्रवास, आणि जेवण कुणा परक्या स्वयंपाकी महाराजाच्या हातचं. तिसरं कराचीचं खासगी कॉलेज. ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं, आणि त्याच गावात प्रेमलाबाईंचा धाकटा भाऊ शामकांत बंदराच्या कचेरीत पंधरा वर्षं नोकरीला होता. मामाचं घर, मामीच्या हातचं सोवळ्यातलं जेवण, गल्लीत वीस घरं मराठी, भाद्रपदात गणपती. आणखी काय पाहिजे?

"सिंधकडचं वारं मला बरं दिसत नाही," मास्तर वर्तमानपत्राची घडी करत म्हणाले. एकोणीसशे शेहेचाळीसचा जून होता. रोज त्या कागदात पाकिस्तानाच्या गोष्टी येत.

"शाम लिहितो की, तिथं सगळं शांत आहे म्हणून."

"शाम बंदरातली जहाजं मोजतो. त्याला जमिनीवरचं काय कळतंय?"

असं तीन दिवस चाललं. शेवटी मास्तरच कंटाळून म्हणाले, "शुक्रवारी देवीला कौल लावू. ती सांगेल ते तिघांनी ऐकायचं."

नदीकाठच्या देवीचा कौल त्या गावात कुणी मोडत नसे. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. पाकळ्या चिकटवायचा मान भागूबाई गुरविणीचा.

प्रेमलाबाईंना शुक्रवारपर्यंत धीर धरवला नाही.

त्यांचा रोजचा नेम होता: पहाटे उठल्यापासून नदीवर स्नान करून सूर्याला अर्घ्य देईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. लग्न झाल्यापासून तो त्यांनी पाळला होता. तापात पाळला, सासूबाई गेल्या त्या सकाळीसुद्धा पाळला. सोमवारी त्या एकट्याच घाटावर गेल्या. स्नान करून पायऱ्या चढत असताना शेजारच्या चांगुणेच्या डोक्यावरची घागर कलंडली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, सांभाळ!"

अर्घ्य अजून द्यायचं होतं.

जीभ चावून त्यांनी अर्घ्य दिलं आणि तशाच ओल्या लुगड्यानं देवळात गेल्या. भागूबाईनं पाकळ्या चिकटवल्या. "सुमेधेला कराचीला धाडू का?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

डावी पाकळी लगेच पडली. घसरली नाही, कुणीतरी खुडून टाकावी तशी पडली.

भागूबाई खाली बघत म्हणाली, "न्हाई म्हनती, मास्तरीणबाई."

"माझं मौन मोडलं आज," प्रेमलाबाई घाईनं म्हणाल्या. "घाटावर बोलले मी. देवी माझ्यावर रागावली आहे, भागूबाई. हा कौल कराचीचा नव्हे, माझ्या चुकीचा आहे."

"आसंल." भागूबाईनं पाकळी उचलून पदराला पुसली. "तुमाला ठावं."

घरी येताना प्रेमलाबाईंनी प्रायश्चित्त ठरवून टाकलं: तीन दिवस एकभुक्त आणि एकशे आठ प्रदक्षिणा. तेवढ्यानं चूक धुतली जाईल. आणि चूक धुतली गेली की तो कौल लागलाच नव्हता. हे त्यांनी मनाशी इतक्या वेळा घोकलं की गुरुवारपर्यंत ते त्यांना खरं वाटायला लागलं.

शुक्रवारी तिघंही देवळात गेली. कौलाआधी गुरविणीनं एक प्रश्न विचारायचा असतो आणि विचारणाऱ्यानं देवीसमोर उत्तर द्यायचं असतं. भागूबाईनं पाकळ्या ओल्या केल्या, सरळ प्रेमलाबाईंच्या डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं, "ह्या कामाचा कौल आदी कुनी लावला हाय का?"

गाभाऱ्यात समई तडतडत होती. मास्तर हात जोडून उभे होते. सुमेधा ओठ दाबून हसू आवरत होती.

"नाही," प्रेमलाबाई म्हणाल्या.

भागूबाईनं पाकळ्या पुन्हा पाण्यात बुडवल्या. मग तिनं त्या चिकटवल्या आणि प्रेमलाबाईंनी कराचीचं विचारलं. या वेळी वेळ लागला. मास्तरांनी दोनदा पाय बदलले. शेवटी उजवी पाकळी हळूहळू घसरत देवीच्या हातावर आली, तिथं जराशी अडली आणि पडली.

"कराची," मास्तर म्हणाले आणि सुस्कारा सोडला. सुमेधेचं हसू मावळलं होतं. तिनं काशीचं माहितीपत्रक पिशवीतून आणलं होतं, ते तिनं नुसतं आत ढकललं. "ठीक आहे," ती म्हणाली. "मामाकडे तर मामाकडे. शब्द दिलाय."

बापलेक पुढं गेली. प्रेमलाबाई तीर्थ घ्यायला मागं राहिल्या, तेव्हा भागूबाई म्हणाली, "माझं काम इचारायचं. सांगायचं तुमचं. म्हून मी गप बसले."

"मी प्रायश्चित्त घेतलं, भागूबाई."

"देवीला येकदाच इचारायचं आस्तंय. दुसऱ्यांदा इचारलं तर ती आपल्याच मनातलं आपल्याला माघारी देती." तिनं पळीभर तीर्थ त्यांच्या हातावर घातलं. "घ्या. लई येळ उभ्या ऱ्हाऊ नका."

आठ दिवसांनी सुमेधा निघाली. पुणतांब्याच्या स्टेशनात मनमाडची गाडी उभी राहिली. मास्तर तिला मुंबईपर्यंत पोचवून बोटीत बसवणार होते. आता सांगावं, आता सांगावं, असं प्रेमलाबाईंच्या ओठांवर येत होतं. गाडीनं शिटी दिली. त्यांनी खिडकीतून लेकीच्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाल्या, "मामीला सांग, तुला कारलं आवडत नाही."

वर्ष बरं गेलं. बरं गेलं असंच म्हणायला हवं. सुमेधेची पत्रं येत. मामी जीव लावते, समुद्र रोज दिसतो, पहिल्या वर्षाला रसायनात ती कॉलेजात दुसरी आली. सुट्टीत मात्र ती आली नाही, मामाच्या मुलाची मुंज होती. प्रेमलाबाई पत्र देव्हाऱ्यापुढं ठेवत आणि डावीकडे कधी ठेवत नसत.

मग पुढच्या जूनमध्ये वर्तमानपत्रात बातमी आली. देशाचे दोन तुकडे होणार. कराची तिकडे.

मास्तरांनी त्याच दिवशी नगरला जाऊन तार केली: ताबडतोब ये. उत्तराला तार आली नाही, पत्र आलं. मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं.

"आप्पा, उगाच घाबरू नका. इंटर झालं की इथल्याच मेडिकल कॉलेजात जागा मिळेल असं प्रोफेसर म्हणतात. मामा म्हणतात, राज्य बदललं तरी बंदर कुठं जातंय? गल्लीतलं एकही घर हललेलं नाही. आणि खरं सांगू? इथं रात्री कुठं आरडाओरडा झाला की मला भीती वाटते. मग मला ती उजवी पाकळी आठवते. तेव्हा मी हसले होते. आता हसत नाही. देवीनंच पाठवलंय ना मला, आई? मग भ्यायचं कशाला?"

मास्तरांनी पत्र खाली ठेवलं. "देवीचा शब्द आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "नाहीतर मी स्वतः जाऊन आणली असती."

प्रेमलाबाई आत गेल्या. त्याच क्षणी बोलायचं होतं. त्यांनी लक्ष बेल वाहायचा संकल्प केला. मग एकवेळ जेवण. मग मौन दुपारपर्यंत वाढवलं. एकामागून एक नेम वाढत गेले आणि सगळा आषाढ गेला, पण ते एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही. मुंबईहून येणारे लोक सांगत की कराचीच्या बोटी माणसांनी गच्च भरून येतात, आता जागा मिळत नाही.

जुलैच्या शेवटी त्यांनी टाक उचलला. चार ओळी लिहायला त्यांना सगळी दुपार लागली.

"बाळ सुमेधा, देवीनं तुला पाठवलं नाही. तिनं आधीच नको म्हटलं होतं. ते मी लपवलं आणि तिच्यासमोर खोटं बोलून पुन्हा विचारलं. मीच पाठवलं तुला. तू ये."

पत्र पेटीत टाकून आल्यावर त्यांनी मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर ओरडले नाहीत. फक्त इतकंच म्हणाले, "तू? तू देवीपुढं खोटं बोललीस?" आणि त्या दिवसापासून ते रोज दोन्ही गाड्यांच्या वेळेला स्टेशनात जाऊन बसायला लागले.

झेंडावंदन झालं, शाळेत पेढे वाटले. मग वर्तमानपत्रं अशी यायला लागली की मास्तर ती घरात आणेनात.

एकवीस ऑगस्टला पुंजाराम पोस्टमननं शामकांतचं पत्र दिलं. मास्तरांनी चष्मा लावला.

"ताईस साष्टांग नमस्कार. इथं आमच्या गल्लीत अजून तरी सर्व ठीक आहे. मात्र तुझं पत्र आल्यापासून सुमेधा जेवेना. आई खोटं का बोलली, एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होती. मी पुष्कळ समजावलं, थोडं थांब, बोट मिळेल. ऐकेना. मारवाडमार्गे येणाऱ्या गाडीतही जागा नव्हती. ओळखीचं एक कुटुंब लाहोरवरून दिल्लीला निघालं होतं, त्यांच्यासोबत काल रात्री तिला गाडीत बसवून दिलं. माणसं चांगली आहेत. हे पत्र पोचेल तेव्हा..."

मास्तर थांबले.

"वाचा ना," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"हे पत्र पोचेल तेव्हा ती घरी पोचलेली असेल."

"कधीचं आहे?"

मास्तरांनी कागद उजेडाकडे धरला. "नऊ ऑगस्टचं."

बाहेर स्टेशनाच्या बाजूनं दुपारच्या गाडीची शिटी ऐकू आली. मास्तरांनी टोपी घातली, चपला न घालताच ते बाहेर पडले. प्रेमलाबाई उठल्या, चुलीत लाकूड सारलं आणि तिघांच्या भाताचं आधण ठेवलं.