बंधू ड्वेनचं तरंगतं अंडं

नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरच्या त्या चर्चच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलावर काचेची दोन भांडी आणि त्यांच्यामागे गावोगाव फिरून प्रार्थनेनं रोग बरे करणारा प्रचारक, बंधू ड्वेन. त्याच्या तोंडाचा पट्टा अर्धा तास अखंड चालू होता.

“हे अंडं म्हणजे आजार!” त्यानं ते पहिल्या भांड्यात सोडलं. अंडं तळाशी गेलं. “बघा, पापानं जड झालंय! लिओटाबाई, आता हे उराशी धरा, प्रार्थना करा आणि दुसऱ्या भांड्यात सोडा.”

लिओटानं सोडलं. अंडं बुडी मारून वर आलं आणि डुलत राहिलं.

“गेला! तुमचा मधुमेह गेला!”

बायका हुंदके देऊ लागल्या. लिओटानं पिशवीतल्या इन्सुलिनच्या बाटल्या काढल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

तिचा धाकटा भाऊ ओरिन शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. गर्दीतून वाट काढत तो टेबलापाशी गेला आणि दुसऱ्या भांड्यात बोट बुडवून त्यानं ते चाटलं.

“खारट! अहो, यात मीठ आहे. मीठ विरघळलं की पाणी जड होतं, आणि जड पाणी अंड्याला जास्त जोरानं वर ढकलतं. हेरिंग मासे मिठात मुरवताना तुम्हीच पिंपात अंडं टाकून बघता ना, तरंगलं की खारं पाणी जमलं म्हणून?”

“ते पिंप, मास्तर,” म्हातारा आयरा म्हणाला. “हे देवाचं भांडं.”

“यांना मीठ लागलं, तुम्हाला कृपा लाभली!” ड्वेन ओरडला. टाळ्या पडल्या.

ओरिननं डब्यातून बाटल्या वेचल्या आणि बाहेर बहिणीला गाठलं.

“लिओटा, तू तरी! चाळीस वर्षं तू खारं पाणी करतेस.”

“कळलं होतं रे मला. हाताला लागलं तेव्हाच कळलं.”

“मग?”

“एकतीस वर्षं सुया टोचून घेतेय. आज पहिल्यांदा कुणीतरी ‘पुरे’ म्हणालं. ऐकू दे ना मला.”

त्यानं बाटल्या तिच्यापुढे धरल्या. त्या न घेताच ती गाडीत बसून निघून गेली. दोन दिवस तिनं त्याला दारातही उभं केलं नाही.

तिसऱ्या दिवशी दार फोडावं लागलं; आत ती बेशुद्ध पडली होती. इस्पितळातली डॉक्टरीण म्हणाली, “शुद्धीवर येतील की नाही, सांगता येत नाही.” ड्वेन तोवर पुढच्या गावी गेला होता.

आयरा टोपी हातात घेऊन इस्पितळातल्या खोलीच्या दाराशी आला. ओरिनला रागावायचंही त्राण नव्हतं.

“अंडी हवी तितकी तरंगवा, आयराकाका,” तो म्हणाला. “पण डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाला औषध टाकू देऊ नका. आणि चमत्कार दिसला तर टाळी वाजवण्याआधी एकदा बोट बुडवून चाखा.”