दुसरा फोटो

"हलू नको गं. फिल्म बोटानं दाबून धर," मी म्हटलं.

गुणवंतीनं तोंडात बोट घातलं. माझा हात तिच्या हनुवटीला लागला, तशी ती दचकली.

"दुखतं?"

"नाय रे. तू काड तुजा फोटू."

ती माहीमच्या कोळीवाड्यातली, गिरगावात मासळी विकायची. खालच्या किडलेल्या दाढेवर तिला सोन्याची टोपी हवी होती. जावेनं बसवली होती, एवढंच कारण. टोपी तयार होती. मुळं साफ आहेत का, तेवढं एक्स-रेच्या फोटोत बघायचं होतं.

छप्पन्न सालचा जानेवारी, मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून आंदोलन पेटलेलं. ठाकुरद्वाराच्या बाजूनं सकाळपासून गोळ्यांचे आवाज येत होते. बाजार बंद पडला म्हणूनच ती त्या दिवशी आली होती. श्यामकांत डॉक्टरांनी दवाखान्याचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं.

मी अंधारखोलीत फिल्म धुतली आणि ओलीच बाहेर आणली. डॉक्टरांनी ती खिडकीकडे धरली. मुळाच्या टोकाशी मसुरीएवढा काळा डाग होता.

"हे हाडातलं भोक. शीर बाहेर येते तिथलं. सगळ्यांना असतं. चल, टोपी बसवू आणि हिला घरी पाठवू."

सगळ्यांना असतं, हे मलाही ठाऊक होतं. अठरा वर्षं मी फोटो काढत होतो. दोन महिन्यांपूर्वी माझ्या बायकोची, नलूची, हनुवटी दुखायला लागली. डॉक्टर परगावी होते. मी तिला दुपारी इथं आणलं, फोटो काढला, आणि असाच डाग पाहून म्हणालो, "काही नाही, लवंग धर." पाचव्या दिवशी तिचा गळा सुजला. आठव्या दिवशी ती इस्पितळात गेली ती परत आली नाही.

"डॉक्टर, एक दुसरा काढू," मी म्हटलं. "यंत्राची नळी जरा पुढं घेऊन. भोक असेल तर डाग मुळापासून सरकलेला दिसेल. पू असेल तर मुळालाच चिकटून राहील."

"मला शिकवतोस, कमलाकांत? बाहेर माणसं मरतायत आणि तुला दुसरा फोटो सुचतोय?"

फोटो काढणं आणि धुणं माझं काम. तो वाचणं त्यांचं. पण मी नवी फिल्म उघडली.

"काय झालं?" गुणवंती म्हणाली. "सोनं कमी पडलं काय?"

डॉक्टर हसले नाहीत. मला अडवलंही नाही.

अंधारखोलीत लाल दिव्याखाली मी फिल्म धुवायला घेतली. जवळच कुठंतरी गोळी सुटली. पळणाऱ्यांची पावलं शटरसमोरून गेली. दार उघडलं असतं तर फिल्म वाया गेली असती. डाग सरकलेला निघू दे, असं मी मनात म्हणत होतो. डॉक्टर चार शिव्या देतील, देऊ देत.

डाग जागचा हलला नव्हता.

डॉक्टरांनी फिल्म दोनदा पाहिली. सोन्याची टोपी डबीत परत ठेवली आणि दात कोरायचं यंत्र ओढलं. गुणवंतीनं माझं मनगट आवळलं. दाढेतून पू आला, त्याचा घाण वास सुटला. हळूहळू तिची बोटं सैल झाली.

"आई एकवीरे," ती म्हणाली. "किती दिस कानात ठणकत व्हतं. बोलले नाय. तू दात उपटला असतास."

डॉक्टर तिच्या दाढेत कापूस ठेवून नळाशी गेले. "तुला कसं कळलं?"

"नलूचा फोटो मी काढला होता," मी म्हटलं. "तुम्ही परगावी होतात. आल्यावरही दाखवला नाही. आणि दुसरा काढला नाही."

ते हात धूत राहिले. नळ वाहत होता.

"नलू कोन?" गुणवंतीनं कापसातूनच विचारलं.

"माझी बायको."

तिनं दोन महिन्यांत मला बाजारात पाहिलं होतं, एकट्यापुरती मासळी घेताना. ती खुर्चीवरून उतरली आणि माझ्या दंडाला धरलं.

"बस. बस इथं जरा."

अठरा वर्षांत मी त्या खुर्चीत कधी बसलो नव्हतो. डॉक्टर हात पुसत आले आणि माझ्या डोळ्यांवर आलेला दिवा त्यांनी बाजूला वळवला.