मागून आणलेली बोरमाळ

मी सोन्याची बोरमाळ. बायकांच्या गळ्यात गप्प पडून राहायचं हे माझं काम, पण आता गप्प राहवत नाही. त्या खुन्याच्या गोष्टी कोल्हापुरात इतक्या तिखटमीठ लावून सांगतात, की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. चहाच्या गाड्यावर बसून लोक त्याच्या डोक्याचं कौतुक करतात. अहो, मी त्याच्या मुठीत होते. मला विचारा की.

माझा जन्म गुजरीतला, कोल्हापूरच्या सराफ बाजारातला. पोकळ मणी, आत लाख आणि वर पातळ सोनं. गडमुडशिंगीच्या तानाबाईनं मला घडवून घेतलं. ती मंगळवार पेठेत भाजी विकायची. भीमजयंतीच्या मिरवणुकीत तिनं मला पहिल्यांदा घातलं, आणि त्या दिवशी तिचा ताठा बघण्यासारखा होता.

तिची लेक क्रांती. दात येत होते तेव्हा आईच्या कडेवर बसून ती मलाच चावायची. एका मण्याला तिच्या दातांचे खड्डे पडले. सोनार म्हणाला, मणी बदलून देतो. तानाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. लेकीचं दात हायत ते." पुढं नवरा गेला, पण तिनं मला मोडलं नाही. भाजी विकूनच लेकीला वाढवलं. क्रांती नवऱ्या सजवायला शिकली आणि शिवाजी पेठेत एका पार्लरमध्ये लागली.

सम्राट हे तानाबाईचं रोजचं गिऱ्हाईक. मावशी मावशी करत यायचा, कोथिंबीर जास्त मागायचा, हसायचा. मी गळ्यात होते, म्हणून मला दिसायचं. बोलताना त्याची नजर तिच्या तोंडावर नसायची, माझ्यावर असायची.

एका सकाळी बस आलीच नाही. तानाबाई पाटी घेऊन फाट्यावर ताटकळत होती. हा मोटारसायकलवरून आला. "बसा की मावशी, बाजारातच चाललोय." ओळखीचा माणूस, ती बसली. गाडी उसाकडं वळली तशी ती म्हणाली, "आरं, हिकडं कुठं?"

पुढचं मी सांगणार नाही. तेवढंच ऐकायला जे टपलेत त्यांनी खुशाल उठून जावं. तिनं शेवटपर्यंत मला मुठीत धरलं होतं, आणि त्यानं तिचं एकेक बोट सोडवून मला ओढून घेतलं. तिला त्यानं एका पडक्या विहिरीत टाकलं. तिच्या आधी त्यानं आणखी दोघींना असंच नेलं होतं.

मला बाजारात मोडायला तो भ्याला. सोनार पावती मागेल, चार प्रश्न विचारील. म्हणून पाडव्याला त्यानं मला बायकोच्या, वर्षाराणीच्या हातात ठेवलं. "घरातच घाल. भाईर चोऱ्या लई व्हत्यात." ती बिचारी हरखून गेली. ताट वाढायला वाकली, की मी त्याच्या तोंडासमोर लोंबायची. तो मात्र निवांत भाकरी कुस्करायचा. माझा जीव नुसता टांगणीला. सकाळी त्यानं गाडीला किक मारली, की वाटायचं, आज कुणाची पाळी. आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

इकडं गावात काय चाललं होतं, ते मी पुढं कोर्टात ऐकलं. तानाबाईची नणंद, आक्का, सगळ्यांना सांगत सुटली होती, "सोनं घेऊन कुणासंगं तरी गेली असंल." पोलिसांनीही तेच मनावर घेतलं. क्रांतीला आईचं नसणं एक दुःख, आणि तिच्या नावाला लागलेला हा डाग दुसरं. ती आक्काला म्हणाली, "आई मिळंल न मिळंल. तिचं नाव मी माघारी आणणार."

मग वर्षाराणीच्या शेजारच्या मोनाचं लग्न निघालं. आमच्याकडं लग्नात दागिने मागून नेतात, आणि नवरीसाठी कुणी मागितलं तर नाही म्हणत नाहीत. मोनाची आई दारात आली. वर्षाराणी घुटमळली, पण नवऱ्यानं नको म्हटलंय हे सांगायचं कसं? तिनं मला काढून दिलं. तो घरात नव्हता.

नवरीला सजवायला आली ती क्रांती. माझी दोरी मोनाच्या मानेवर बांधताना तिचं बोट त्या खड्डे पडलेल्या मण्यावर गेलं आणि तिथंच थांबलं. तिनं मला उलटसुलट करून बघितलं. आवाज तिनं साधा ठेवला. "माळ कुणाची, ताई?"

"शेजारच्या वर्षावहिनींची."

मोनाला मांडवात पोचवून क्रांती वर्षाराणीजवळ गेली. "वहिनी, माळ झ्याक हाय. कुठं केली?"

"ह्यांनी आणली की पाडव्याला," वर्षाराणी कौतुकानं म्हणाली, आणि पंगतीत जिलबी वाढणाऱ्या नवऱ्याकडं बोट केलं. क्रांतीनं मागच्या बोळात जाऊन पोलिसांना फोन लावला, तेही मी कोर्टातच ऐकलं. "सायेब, माझ्या आईची माळ नवरीच्या गळ्यात हाय. आणि आणणारा हितं जिलबी वाढतोय."

तेवढ्यात त्यानं मला बघितलं. हातातलं ताट ठेवून तो सरळ मोनाच्या आईकडं आला. "काकू, ती माळ द्या. जरा घाई हाय."

मला वाटलं, संपलं. आता हा मला कुठल्यातरी डोहात फेकणार, आणि तानाबाई कायमची पळून गेलेली ठरणार. पण मोनाची आई खमकी. "नवरीच्या गळ्यातलं पाठवणीच्या आधी काढत न्हाईत. येवढं कळत न्हाय व्हय तुला?" तो हात पुढं करणार, तोच चार बायका मध्ये उभ्या राहिल्या. त्यांना खून ठाऊक नव्हता, फक्त रीत ठाऊक होती. तो कपाळाचा घाम पुसत घुटमळत राहिला, आणि पोलिसांनी त्याला मांडवातच धरलं.

विहीर त्यानंच दाखवली. तानाबाई सापडली.

खटला लांबला. मी लाखेची मोहोर लावलेल्या पुडीत, मुद्देमालाच्या खोलीत पडून होते. जीव गुदमरायचा. त्याच्या वकिलानं सांगितलं, असल्या माळा कोल्हापुरात पायलीला पन्नास मिळतात. मग पुडी उघडून वर्षाराणीला माझ्यासमोर उभं केलं. तिला माहेरच्यांनी, सासरच्यांनी बजावलं होतं, की माळ माहेरची म्हणून सांग. ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "ह्यांनीच आणली. मी मिरवली. मला आता अन्न जात न्हाय." त्याला मरेपर्यंत जन्मठेप झाली.

क्रांतीनं मला घरी आणलं. आक्का आली होती, मान खाली घालून. म्हणाली, "मोडून टाक बाई ही. अवदसा हाय." खरं सांगते, मलाही मोडून घ्यायचं होतं. त्याच्या बोटांचा स्पर्श अजून माझ्या अंगावरून जात नाही. आगीत तरी गेला असता. पण क्रांती म्हणाली, "मोडली तर आई सोनं घेऊन गेली, हे तू बोललेलं खरं व्हईल." आणि तिनं मला गळ्यात घातलं.

आता मी तिच्याबरोबर लग्नघरांतनं फिरते. शेजारून मोटारसायकल सावकाश गेली, की अजून घाबरते. परवा एका नवरीच्या मावशीनं मला निरखून बघितलं, आणि हळूच विचारलं, "हीच का गं ती सम्राटची माळ?"

क्रांतीनं नवरीच्या केसांतली पिन नीट बसवली. मग म्हणाली, "सम्राटची न्हवं, मावशी. तानाबाईची. मंगळवार पेठेत भाजी विकायची ती. माझी आई."