आधी थोरलीचा हात

ओगुटूच्या घरात पेरणीचा मान थोरल्या बायकोचा. पेनिनाने मूठभर ज्वारी मातीत टाकली, की मगच धाकटी विलिकिस्टा आपल्या पट्ट्यात उतरायची. कापणीही तशीच. रीत मोडली तर चिराची बाधा लागते, आणि चिरा लागलेल्या माणसाचं दुखणं कुठल्या डॉक्टरला सापडत नाही, माणूस नुसतं वाळत जातं. ओगुटूला जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं शहरांत पांगली होती, तरी दोघी सवती हा नेम सोडत नव्हत्या. खरं तर त्या अंगणात आता दोघीच उरल्या होत्या.

पोट मात्र शेतावर नव्हतं, ओमेनावर होतं. तळ्यातली ही बोटाएवढी चंदेरी मासळी वाळवायची कशी, हे विलिकिस्टाला नवी नवरी असताना पेनिनानेच शिकवलं. जाळ्यावर पातळ पसरायची, हाताने नाही तर झाडूने उलटायची, आणि ढग दिसला की आधी मासळी उचलायची, मग पोर. ओगुटू होता तेव्हा टोपली दोघी दोन कानांना धरून बाजारात न्यायच्या. बंदरावरचे पुरुष हसायचे, "ओगुटूने बायका नाही केल्या, बैलजोडी केली!" त्यावर विलिकिस्टा म्हणायची, "मग त्याला सांगा, वैरण वेळेवर टाकत जा."

तेव्हा ओमेना माणसांच्या ताटात जायची. मग तळ्यात तिलापिया माशांचे पिंजरे आले आणि ओमेना दळून त्यांचं खाद्य करणाऱ्या गिरणीचा ट्रक बंदरावर येऊन उभा राहू लागला. ट्रकवाला घासाघीस करायचा नाही, ढीगच्या ढीग उचलायचा. पेनिनाला ते बरं वाटलं. बाजारात टोपली वाहायचं ओझं गेलं.

"थोरले, पोरांच्या ताटातली मासळी आपण माशांच्या तोंडात घालतोय," विलिकिस्टा म्हणायची.

"मासे उधार मागत नाहीत," पेनिना म्हणायची.

पुढे विलिकिस्टानेही चार बायकांबरोबर एक पिंजरा टाकला. पण दर वर्षी ओमेनाची मासेमारी बंद ठेवायचे महिने येत, तेव्हा गिरणीत खाद्य महाग होई आणि पिंजऱ्यातले मासे डोक्याने मोठे, अंगाने काटकुळे दिसू लागत. त्याच दिवसांत चर्चच्या आवारात मासे पाळणाऱ्यांचं एक शिबिर झालं. तिथून विलिकिस्टा परतली ती एक काडेपेटी पदरात बांधून. सरळ पेनिनाच्या दारात आली.

"थोरले, हे बघ."

काडेपेटीत पिवळसर भुकटीसारखं काहीतरी होतं.

"तपकीर?"

"अंडी. काळ्या माशीची. ओल्या कोंड्यावर टाकायची, बाजारातली सडकी केळी, टोमॅटो घालायचे. अळ्या बोटाच्या पेराएवढ्या होतात. वाळवून दळल्या की ओमेनाच्या जागी माशांना चालतात."

पेनिना दोन पावलं मागे सरली. "माशा पाळणार? आपल्या अंगणात? माशा कुठे बसतात ठाऊक आहे ना तुला?"

"ह्या बसत नाहीत. ह्यांना खायला तोंडच नसतं."

"म्हणजे तुझ्याहून बऱ्या."

विलिकिस्टा हसली. मग काडेपेटी तिने पेनिनाच्या पुढ्यात ठेवली. "पहिली चिमूट तू टाक. शेवटी बीच आहे ना हे. तू टाकल्याशिवाय मी कशी टाकू?"

पेनिना काडेपेटीकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात माशा नव्हत्याच. तिच्या डोक्यात बंदरावरचा ट्रक होता. गिरणीला अळ्या मिळू लागल्या तर तो ट्रक कशाला येईल? मग या वयात पुन्हा टोपली वाहत बाजार गाठायचा? हे तिने बोलून दाखवलं असतं तर विलिकिस्टाने बसून काहीतरी तोड काढली असती. पण थोरलीने धाकटीला आपली भीती सांगायची नसते, असं तिला वाटायचं.

"बी आहे म्हणतेस ना? मग माझा हात लागल्याशिवाय पेरायचं नाही," ती म्हणाली. "आणि माझा हात किड्यांना लागणार नाही."

विलिकिस्टा काडेपेटी उचलून गेली. ती अंडी काही वाट बघणारी नव्हती. आठवडा सरायच्या आत काडेपेटीतच वळवळ सुरू झाली आणि तिने ती कोंबड्यांपुढे उपडी केली.

त्याच आठवड्यात भेटीला आलेली सून तिला म्हणाली होती, "आई, ही काय ज्वारी आहे? टाका ना सरळ! चिरा माशांना कुठली लागते?" पण विलिकिस्टाने टाकली नाहीत. आणखी एकदा अंडी आणली, पेनिनाच्या दाराशी येऊन नुसती उभी राहिली. पेनिना शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

खाद्य परवडेना, तेव्हा पिंजऱ्यातले मासे त्या बायकांनी अर्धवट वाढलेलेच विकून टाकले. पिंजराही गेला. पुढच्या पावसाआधी विलिकिस्टाची मुलगी एव्हरलिन किसुमू शहराहून आली आणि आईला घेऊन गेली. जाताना विलिकिस्टा पाया पडली, म्हणाली, "कोंबड्या तुझ्याकडे येतील, हाकलू नकोस." भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

पाऊस आला. पेनिनाने नेमाप्रमाणे मूठभर ज्वारी टाकली आणि सवयीने मागे वळून बघितलं. शेजारच्या पट्ट्यात गुडघाभर गवत. तिथे कुणी कमरेवर हात ठेवून "झालं का गं तुझं?" म्हणत उभं नव्हतं. मागे कुणी नसेल तर आपण पहिल्या कशाच्या, असं तिच्या मनात आलं आणि उरलेलं बी तिने तसंच परत घरी आणलं.

ट्रक मात्र येतच राहिला. गिरणीने दुसरीकडून अळ्या घ्यायला सुरुवात केली होती, असं ट्रकवाल्यानेच सांगितलं. "मग आमची ओमेना?" पेनिनाने विचारलं. "तीही लागते, आजी. पिंजरे काय कमी झालेत?" तो सहज बोलून पोती मोजायला गेला. पेनिना तिथेच दगडावर बसली. ज्याला आपण भ्यालो ते आलंच नाही, आणि जे होतं ते मात्र गेलं.

सुगीनंतर ती मटाटू गाडीत बसून किसुमूला गेली. एव्हरलिनच्या घरामागे पत्र्याच्या छपराखाली ट्रे रचलेले होते. विलिकिस्टा ओला कोंडा कालवत होती. अंगाने भरली होती.

"थोरले! अगं, निरोप तरी धाडायचास!"

दोघी खूप वेळ बोलल्या. कोण गेलं, कुणाचं लग्न झालं, ती पांढरी कोंबडी अजून अंडी घालते का. ट्रेमध्ये अळ्या सळसळत होत्या, पावसाची भुरभुर व्हावी तशा. पेनिनाला किळस आली नाही. याचंच तिला वाईट वाटलं.

शेवटी तिने धीर केला. "नवीन अंडी आहेत का गं? आण. पहिली चिमूट मी टाकते."

विलिकिस्टा पदराला हात पुसत म्हणाली, "राहू दे, तुझे हात कशाला भरवतेस? इथे जिचा हात रिकामा असतो ती टाकते. सकाळीच पोरीने टाकली."

त्यात टोमणा नव्हता. पेनिना टोमणा शोधत राहिली, पण नव्हताच.

"तिकडेही तू टाकू शकली असतीस," ती म्हणाली. "सून म्हणत होती ना."

"टाकता आली असती," विलिकिस्टा म्हणाली. "पण मला एकटीला नको होतं ते. टोपलीचा एक कान धरून बाजारात जाता येतं का?"

एवढं बोलून ती पुन्हा कोंडा कालवू लागली.

आतून पिसं भाजल्याचा वास आला. पेनिनाने डोकावून बघितलं तर एव्हरलिन कोंबडी साफ करत होती.

"अगं, कोंबडी कशाला? मक्याची उगाली आणि ओमेना चालली असती मला."

"तुला?" विलिकिस्टा खरंच चकित झाली. "इतक्या लांबून आलीस आणि तुला ओमेना वाढू? लोक मला काय म्हणतील?"

इतक्या वर्षांत त्या दोघींनी एकमेकींसाठी कधी कोंबडी कापली नव्हती. घरच्या माणसाला ओमेना, कोंबडी पाहुण्याला. एव्हरलिनने पाण्याचा तांब्या आणि घमेलं पुढे केलं. पेनिनाने हात धुतले, दिलेल्या खुर्चीवर बसली, आणि सगळ्यात मोठी तंगडी आपल्या ताटात पडली तेव्हा पाहुणीने म्हणावं तसं "पुरे, पुरे" म्हणाली.