नऊपर्यंतची उजळणी

"सात... आठ..." पलीकडचा आवाज धापा टाकत होता. आमच्या ताईंनी एका हातात चहाचा कप धरला होता आणि दुसऱ्या हाताने त्या बोर्डावरच्या वायरी खुपसत होत्या. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग "नऊ." आणि पुन्हा शांतता.

"दहा," ताई म्हणाल्या. "झाली उजळणी? आता ठेवा आजोबा, हे हॉस्पिटल आहे." आणि त्यांनी वायर उपटली.

हा फोन रोज दुपारी यायचा. जिन्याखालच्या खोलीत आम्ही दोघी टेलिफोन ऑपरेटर बसायचो. समोर एकच बोर्ड, त्यावर प्रत्येक लाइनीला एक बारीक दिवा. बोलणं चालू असेपर्यंत दिवा चालू. उजळणीआजोबांचा दिवा आमच्याकडे जेमतेम मिनिटभर टिकायचा. म्हातारपणी भ्रमिष्ट झालेलं कोणीतरी असणार, घरच्यांचं लक्ष नसणार, असा आमचा सरळ हिशेब होता. त्यापुढे डोकं चालवायला आम्हाला फुरसत नव्हती.

आणि ताईंना तर नव्हतीच. लोकांची वाक्यं पुरी करण्यात त्यांचा हातखंडा होता. "अहो, माझे सासरे काल जिन्यावरून..." एवढं ऐकलं की, "हाडांचा विभाग, जोडते!" नुसतं "बाळाला" म्हटलं की लसीची वेळ सांगून मोकळ्या. बहुतेक वेळा बरोबरही असायचं, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. ही सवय घरीही जात नसे. त्यांचे मिस्टर भिडस्त गृहस्थ. एकदा मला म्हणाले, "लग्नाला मी हो म्हणालो की नाही, मला आठवत नाही. बहुतेक हिनेच म्हटलं असेल." ताई खो खो हसल्या आणि पुढचं वाक्यही त्यांनीच बोलून टाकलं.

त्याच आठवड्यात आम्हा सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. गेटवरचे, केसपेपरच्या खिडकीवरचे, आम्ही दोघी, झाडून सगळे. वाचेवर संशोधन करणारी एक तरुण डॉक्टर बोलायला आली होती. विषय होता वाचाघात, म्हणजे मेंदूला इजा होऊन बोलणं अडतं तो आजार. पडद्यावर मेंदूचे रंगीत तुकडे आले, आलेख आले, बाण आले. बाई जीव तोडून सांगत होती, आणि गेटवरचा शिपाई तितक्याच मनापासून घोरत होता.

संध्याकाळी ती आमच्या खोलीत डोकावली. "कसं वाटलं?"

"खरं सांगू?" ताई म्हणाल्या. "त्या हॉलमधले पंखे छान आहेत."

मला वाटलं आता बाई चिडणार. पण ती मटकन स्टुलावर बसली. "मलाही दिसत होतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं यावर काम करतेय. माझे लेख परिषदांमध्ये वाचतात लोक. आणि इकडे माझ्या पेशंटला दारुडा समजून बसमधून उतरवतात. ज्यांना हे कळायला हवं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आता तुम्हीच सांगा कसं सांगू ते."

मला ती एकदम आवडली. ताईंनाही आवडली असावी, कारण त्यांनी स्वतःचा चहा तिच्यापुढे सरकवला. मग पुठ्ठ्याचा एक तुकडा फाडून दिला. "यावर मावेल एवढं लिहा. बोर्डाला चिकटवते."

तिने लिहायला घेतलं, 'आकलनाच्या तुलनेत अभिव्यक्ती...'

"मध्येच फोन वाजला तर मी परत पहिल्यापासून वाचायचं का?" ताईंनी विचारलं. डॉक्टरने हसत हसत खोडलं.

"बरं, त्या लोकांना आपलं बोलणं कळतं का?"

"काहींना समजायलाही जड जातं. पण पुष्कळांना बरंच कळतं. आणि माणूस तोच असतो, ताई. त्याची अक्कल कुठे जात नाही. एखादं नाव तुमच्या अगदी ओठांवर येतं आणि सुचत नाही ना? त्यांचं तसं दिवसभर होतं. पाणी म्हणायचं असलं तरी."

"मग जरा मोठ्याने बोलायचं."

"कान चांगले असतात त्यांचे. ओरडलं की उलट घाबरतात."

"मग शब्द मी पुरवते. माझं कामच आहे ते."

"तेवढंच करू नका," डॉक्टर म्हणाली. "सापडत आलेला शब्दही आपल्या घाईने पळतो. थांबायचं. मग एकेक प्रश्न विचारायचा, हो किंवा नाही उत्तर येईल असा. तेही तोंडी नको. कधी कधी मनात 'नाही' असतं आणि तोंडातून 'हो' निघतं. टिचकी मारायला सांगा."

ताईंचा चेहरा पडला. ज्या गुणावर आयुष्यभर शाबासकी मिळाली तोच कोणीतरी अवगुण म्हणून सांगत होतं. पण भांडण न करता त्यांनी पुठ्ठा ओढून घेतला आणि दोघींनी मिळून खाडाखोड करत तो पुरा केला. 'शब्द अडलाय, अक्कल नाही. थांबा. एका वेळी एकच प्रश्न. एक टिचकी हो, दोन टिचक्या नाही.'

डॉक्टर उठली. दारापर्यंत जाऊन म्हणाली, "गंमत माहितीये का? एकटा शब्द सुचत नाही, पण तोंडपाठ असलेलं काहींना घडाघडा येतं. वार, महिने, आकडे. माझ्या एका पेशंटला गुरुवार म्हणायचं असलं की तो सोमवारपासून सुरू करतो आणि गुरुवारवर येऊन थांबतो. जिथे थांबला तेच त्याला सांगायचं असतं."

ताईंच्या हातातली वायर तशीच राहिली. डॉक्टर गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय गं, आपले आजोबा कुठे थांबतात?"

"नवावर."

"आणि मी रोज..." ताईंचं वाक्य अर्धवट राहिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

नऊ नंबर म्हणजे बायकांचा हाडांचा वॉर्ड. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ताई कोणाशी धड बोलल्या नाहीत. आजोबांच्या फोनची वेळ झाली आणि टळलीही. "काल जरा तोडूनच बोलले मी," त्या म्हणाल्या. "आता नाही करणार ते. कशाला करतील? कोणाला जोडून द्यायचं तेही माहीत नाही आपल्याला." मी काहीतरी समजुतीचं बोलले, पण धीर माझाही सुटला होता. आम्ही त्यांना ठेवलेलं नाव आता माझ्याने उच्चारवत नव्हतं.

मग एक दिवा लागला. ताईंनी वायर लावली. मीही माझी कळ दाबून ऐकू लागले.

"एक..."

ताईंनी टेबलाची कड घट्ट धरली. बाकीचे दिवे लुकलुकायला लागले. ते मी एका हाताने घेत होते, कोणाला काय सांगत होते देव जाणे. पाचावर आजोबा अडखळले आणि परत पहिल्यापासून आले. ताई थांबल्या. आठ झाले, नऊ झाले आणि शांतता पसरली. ताईंच्या ओठांवर 'दहा' आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला.

"आजोबा," त्या म्हणाल्या. इतक्या सावकाश त्या स्वतःच्या मुलांशीही बोलल्या नसतील. "मी आता विचारते. फोनवर टिचकी मारा. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. नऊ नंबरचा वॉर्ड हवाय?"

बराच वेळ काहीच आलं नाही. मग टक.

"तुमचं माणूस आहे तिथे?"

टक.

बायको, बहीण, मुलगी, सून असं सगळं ताईंच्या तोंडून एका दमात बाहेर पडणार होतं. त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. "बायको?"

टक. त्यानंतर पलीकडून जो आवाज आला तो टिचकीचा नव्हता. ताईंनी तोही पुरा होऊ दिला.

"थांबा हं आजोबा. वायर काढत नाही मी. शोधते त्यांना."

मी वॉर्डच्या सिस्टरला फोन लावून ताईंना जोडून दिला. यजमानांना नीट बोलता येत नाही अशा कोणी आजी आहेत का, ताईंनी विचारलं.

"आहेत की, खुब्याचं ऑपरेशन झालंय," सिस्टर म्हणाली. "रोज दुपारी टेबलावरच्या फोनकडे बघत बसतात. आजोबांना घराबाहेर पडता येत नाही, शेजारीण जेवायला घालते. तिच्याकडून निरोप दिलाय म्हणे, नऊ नंबर सांगा म्हणून. आम्ही म्हटलं, आजी, आपण लावू या. तर नको म्हणतात. घंटा ऐकून ते धडपडत उठतील, पडतील. त्यांनाच करू दे, त्यांना येतं. रोज विचारतात, आला का फोन? आम्ही काय सांगणार, आलाच नाही."

ताईंनी डोळे मिटून घेतले. "आला होता म्हणावं," त्या म्हणाल्या. "रोज आला होता. त्यांना फोनपाशी आणा."

व्हीलचेअरची चाकं ऐकू आली. ताईंनी दोन्ही लाइनी जोडल्या. लागल्या की नाही ते बघायला क्षणभर ऐकावंच लागतं.

"तुम्ही ना?" आजी म्हणाल्या.

"ते... ते..."

"हं. असू दे. बसलेय मी."

आणि त्या थांबल्या. त्यांना कोणी पुठ्ठा दिलेला नव्हता. ताईंनी कळ वर केली, नाक पुसलं आणि पुढचा फोन घेतला. कोणीतरी "माझ्या सासूबाईंना..." म्हणत होतं. ताई त्या बाईचं ऐकत राहिल्या, आणि ती बाई गोंधळून "हॅलो? हॅलो?" करायला लागली.

पुष्कळ वेळ गेला. चहावाला येऊन कप घेऊन गेला, बाकीचे दिवे लागले आणि विझले, पण तो एक दिवा तसाच होता. लाइन अडकली असेल म्हणून मी कळ दाबून पाहिली. एकही शब्द नव्हता. नुसता दोन बाजूंचा श्वास.

"ताई, नऊ नंबरच्या लाइनीवर कोणीच बोलत नाहीये. काढू का वायर?"

"नको गं," ताई म्हणाल्या. "बोलताहेत ते."