साफीनाजचं सातवं प्रकरण

त्या उन्हाळ्यात दुपारी वीज कधी जाते हे अलेक्झांड्रियातल्या घराघरांत पाठ होतं. साफीनाजलाही होतं. पण त्या दिवशी लिहिण्याच्या नादात तिला भानच राहिलं नाही. तिच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती. भिंतीतली वायर काढली की तो डोळे मिटायचा. तिने फाइल सेव्ह करायला घेतली आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. वीज परत आल्यावर लॅपटॉप कण्हत-कुंथत सुरू झाला, पण फाइल काही उघडेना. पडद्यावर तेच तेच येत राहिलं: फाइल खराब झाली आहे.

"वगदी!" तिने स्वयंपाकघरात चहा ठेवणाऱ्या नवऱ्याला हाक मारली. "वगदी, माझं पुस्तक गेलं रे!"

वगदीच्या हातात साखरेचा डबा होता. तो खाली ठेवण्याआधीच त्याला आत कुठेतरी खोल, क्षणभर गोड वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि तो धावत बाहेर आला.

वगदीने सगळी हयात शाळेत अरबी शिकवण्यात घालवली होती. मोहल्ल्यात लोक त्याला अजून 'उस्ताज', म्हणजे गुरुजी, म्हणूनच हाक मारत. तरुणपणी त्याचा एक बारीकसा कवितासंग्रह निघाला होता. दर गुरुवारी समुद्राजवळच्या कहवाखान्यात लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांची बैठक भरायची, तिथे त्याची कादंबरी फार प्रसिद्ध होती. प्रसिद्ध म्हणजे, ती लिहिली जातेय हे सगळ्यांना माहीत होतं. पहिलं प्रकरण त्याने इतक्यांदा घासलं-पुसलं होतं की त्यातली माणसं झिजून गेली होती. दुसरं अजून यायचं होतं.

साफीनाज टपाल कचेरीत खिडकीमागे बसायची. निवृत्त झाल्यावर तिने मुलीसाठी, इंजीसाठी, आपल्या वडिलांच्या आठवणी लिहायला घेतल्या. तिचे वडील उस्ता बदरान, म्हणजे बदरान मिस्त्री, अनफूशीच्या किनाऱ्यावर लाकडी गलबतं बांधायचे. कीबोर्डवरची अक्षरं तिला वगदीनेच दाखवली होती. सुरुवातीला ती लिहिलेलं त्याला वाचायला द्यायची आणि तो ते शाळेच्या वहीसारखं तपासून द्यायचा. दोन-चार वेळा तसं झाल्यावर तिने देणं बंद केलं. त्यालाही बरंच वाटलं. बाईमाणसाचा विरंगुळा, चाललाय तर चालू दे.

मग इंजीने त्यातली पहिली दोन प्रकरणं कैरोतल्या एका छोट्या प्रकाशनात काम करणाऱ्या नाहिदला दाखवली. नाहिदचा फोन आला तेव्हा तो वगदीनेच उचलला.

"उस्ताज वगदी? आपल्याबद्दल खूप ऐकलंय."

वगदी खुर्चीत ताठ बसला. घसा साफ केला.

"फोन जरा मदाम साफीनाजना देता का?"

त्या दिवसापासून त्याला काहीतरी सलत होतं. बैठकीत त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. घरी मात्र मीठ कमी झालं तरी तो म्हणायचा, "लेखिकाबाईंचं लक्ष कुठाय?" साफीनाज हसायची. तिला तो विनोद वाटायचा.

आणि आता महिनाअखेरीला पूर्ण पुस्तक नाहिदकडे जायचं होतं, तर पुस्तकच नव्हतं.

"दुसरी प्रत असेलच ना कुठे?" वगदीने विचारलं.

"इंजीने पेनड्राइव्ह दिला होता. कपाटात आहे."

"मग?"

"कोरा आहे," ती म्हणाली आणि तिने तोंडावर हात धरला.

वगदीला संगणकातलं थोडं कळत होतं. शाळेचे निकाल तोच लावायचा. त्याने आधी बिघडलेल्या फाइलची नक्कल करून घेतली आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही असं ठरवलं. मग प्रोग्रॅमलाच सांगितलं, उघड आणि दुरुस्त कर. प्रोग्रॅम थोडा वेळ विचारात पडला आणि त्याने हात वर केले. काम चालू असताना संगणक स्वतःपुरत्या ज्या तात्पुरत्या फाइली ठेवतो त्याही वगदीने शोधल्या. एक सापडली, ती रिकामी निघाली. साफीनाज खुर्चीमागे उभी राहून पुटपुटत होती, "या रब्ब, या रब्ब."

"मनशियाच्या बाजारात नेऊया का, दुकानात? तिथे करून देतात म्हणे."

"ते हमाल लोक. आहे तेही घालवतील. मी बघतो ना."

दुसऱ्या कुणी ते पुस्तक वाचवावं हे त्याला नको होतं. आपण ते वाचवावं की नाही, हे मात्र त्याचं त्यालाही ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साफीनाज दमनहूरला बहिणीकडे निघाली. बहिणीच्या सुनेचं बाळंतपण होतं, जाणं टाळता येण्यासारखं नव्हतं. दारातून ती म्हणाली, "नाही निघालं तर नाही निघालं, वगदी. तू जिवाला त्रास करून घेऊ नकोस." तिचे डोळे सुजले होते.

घर रिकामं झाल्यावर तो पुन्हा बसला. फाइल उघडायच्या खिडकीत, खाली यादीच्या तळाला एक पर्याय होता: कुठल्याही फाइलमधून नुसता मजकूर काढा. सजावट नको, ठळक अक्षरं नकोत, जे शब्द हाती लागतील ते द्या. त्याने तो निवडला. आधी चौकोनांच्या आणि चिन्हांच्या ओळीच्या ओळी आल्या. तो बंद करणारच होता, तेवढ्यात त्या कचऱ्याखालून एक सरळ वाक्य वर आलं:

'माझे वडील नवीन गलबत बांधायला घेतलं की आईशी भांडण उकरून काढायचे. भांडण मिटलं की आम्हाला कळायचं, गलबत पुरं झालं.'

वगदीच्या जिवात जीव आला. खरोखर आला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो एकटाच टाळी वाजवून हसला. मग कचरा पुसत पुसत वाचायला लागला.

ते त्याने वाचायला नको होतं.

दुपारचं जेवण राहिलं. फूलचा, बाकल्याच्या उसळीचा, वाडगा टेबलावर तसाच थिजून गेला. त्या पानांत एकही अलंकार नव्हता. हिवाळ्यातल्या वादळानंतर मोडक्या होड्या घेऊन येणारे कोळी होते, लाकडाचा वास घेऊन ते कुठल्या झाडाचं हे सांगणारी आंधळी आजी होती, कामगारांच्या चहात चोरून जास्त साखर घालणारी छोटी साफीनाज होती. सगळं असं लिहिलेलं, की कुणी शेजारच्या खुर्चीवर बसून सांगतंय. वगदी जुन्या सवयीने लाल पेन घेऊन बसला होता. मन एखादी चूक शोधत होतं. व्याकरणाच्या चुका सापडल्या, भरपूर सापडल्या, आणि त्या दुरुस्त केल्या की वाक्य मरत होतं. हे कळलं तेव्हा त्याच्या अंगाची आग आग झाली. पोस्टाच्या खिडकीत बसून तिकिटं विकणारी बाई! तिला हे कुणी शिकवलं? आणि आपल्यापासून ती इतकी वर्षं हे लपवून होती, की आपणच कधी विचारलं नव्हतं?

सातव्या प्रकरणाशी मजकूर तुटला. उस्ता बदरानने बांधलेलं सगळ्यात मोठं गलबत पाण्यात उतरवल्याचा तो दिवस. मथळा होता, खाली पानंच्या पानं नुसते चौकोन. आठवं पुन्हा धडधाकट. त्याने फाइल दुसऱ्या एका मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिली. तिथेही तेवढंच भोक. डिस्कचा तेवढा तुकडाच नासला होता.

बायकोला फोन करून सांगायला हवं होतं: सगळं मिळालं, एक प्रकरण सोडून. फोन त्याच्या हातातही होता. पण त्या गलबताची गोष्ट त्याला ठाऊक होती. ईदच्या पंगतीत तिने ती कितीदा तरी सांगितली होती. आणि वगदीच्या डोक्यात विचार आला, कोपऱ्यातून मांजर यावं तसा, आवाज न करता. एक प्रकरण. फक्त एक. कुणाला कळणार?

तो लिहायला बसला आणि नवल म्हणजे शब्द नुसते धावत आले. इतकी वर्षं कादंबरीपाशी अडून बसलेली लेखणी आज मोकळी सुटली होती. दुसऱ्या दिवशी साफीनाज परत यायच्या आत प्रकरण तयार होतं आणि भोकात बेमालूम बसलेलं होतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

ती आली, पडद्यावर आपलं पुस्तक पाहिलं आणि लहान मुलीसारखी रडली. नवऱ्याचं डोकं दोन्ही हातांत धरून तिने कपाळाचं चुंबन घेतलं.

"तुझ्या हातांना बरकत असो, वगदी. सगळं मिळालं?"

"सगळं," तो म्हणाला.

ती लॅपटॉप घेऊन बाल्कनीजवळ वाचत बसली. तो आत भेंड्या निवडत बसला, पण कान बाहेरच. ती मधूनच हसे. कुठे हसली असेल ते तो ओळखत होता, आणि प्रत्येक हसणं त्याला टोचत होतं. मग हसणं थांबलं. सातवं आलं असावं. वगदीचे हात थांबले. आता ती म्हणेल, अरे, हे प्रकरण तर सगळ्यात छान उतरलंय. म्हणेल, मी इतकं चांगलं लिहिलं होतं?

"वगदी," तिने हाक मारली. "हे कुणी लिहिलं?"

"काय कुणी लिहिलं?"

"'गलबताने सागराला आलिंगन दिले आणि उस्ता बदरानच्या नेत्रांतून अश्रुधारा वाहू लागल्या.' हे."

"तूच. अजून कोण?"

"बाबा त्या दिवशी रडले नव्हते."

"तूच सांगायचीस, डोळे लाल झाले होते म्हणून!"

"रागाने! सगळ्या कामगारांचं जेवण आईकडून यायचं होतं ते आलं नव्हतं, आणि भुकेल्या माणसांकडून गलबत ढकलून घ्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. सगळा किनारा टाळ्या पिटत होता आणि बाबा आईला शिव्या घालत होते." ती आत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "माझं प्रकरण कुठाय?"

त्याने भेंडीचं देठ तोडलं. अजून एक तोडलं. "गेलं. तेवढंच निघालं नाही."

"मग गेलं म्हणून सांगायचंस. माझं काय मरण ओढवणार होतं? माझ्या तोंडी स्वतःचे शब्द कसे घातलेस तू?"

"मदतच केली मी!"

"मदत? उस्ताज, मदत करणारा माणूस सांगून करतो."

आणि मग वगदीच्या तोंडून ते बाहेर पडलंच. "मला बघवत नाही, साफी! आयुष्यभर मी शब्द शब्द करत बसलो. लोक माझ्या कादंबरीची थट्टा करतात, मला काय कळत नाही? आणि तू दुपारच्या वेळी, भाजी चुलीवर ठेवून… बघवत नाही मला. वाटलं, त्यात एक तरी पान माझं असावं."

भेंड्यांचं भांडं मांडीवर घेऊन तो म्हातारा होऊन बसला. साफीनाजचा राग उतरला नव्हता, पण आता तो कुठे ठेवावा हे तिला सुचत नव्हतं.

"मग जळ," ती शेवटी म्हणाली. "माझ्याशी भांड. मीठ जास्त झालं म्हणून आदळआपट कर. पण माझ्या बापाला रडवू नकोस."

त्याने लिहिलेली पानं तिने त्याच्या देखत पुसली. मग त्याच्या मांडीवरचं भांडं उचललं आणि लॅपटॉप तिथे ठेवला.

"मी सांगते, तू टाइप कर. माझी बोटं हळू चालतात आणि नाहिद थांबणार नाही."

तिने भेंड्या चिरायला घेतल्या आणि सांगायला सुरुवात केली. वगदी टाइप करत गेला. एकदा त्याने न राहवून 'पाणी'ऐवजी 'जल' टाकलं. "काय लिहिलंस ते वाच," ती मान वर न करता म्हणाली. त्याने खोडलं. ती सुरीने देठं उडवत सहज बोलत होती आणि वाक्यं आपापल्या जागी येऊन बसत होती. समोर बसूनही ती हे कसं करते ते त्याला कळत नव्हतं. प्रत्येक ओळीला आत चटका बसत होता, आणि तरीही ती थांबली की तो विचारत होता, "मग? जेवण आलं का शेवटी?"

नाहिदला नंतर ते सातवं प्रकरण सगळ्यात आवडलं.

पुस्तक हिवाळ्यात आलं. कुणीतरी ते गुरुवारच्या बैठकीत आणलं. पानं हातोहात फिरली, दोन तुकडे मोठ्याने वाचले गेले. मग फिक्री, बैठकीतला सगळ्यात तिखट माणूस, वगदीच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "लबाडा! बायकोचं नाव पुढे केलंस होय? खरं सांग, हात तुझाच ना?"

सगळे वगदीकडे बघायला लागले. किती वर्षांनी असे बघत होते! नुसतं हसून गप्प बसला असता तरी पुरलं असतं. त्याचे ओठ हसण्यासाठी हललेही.

"एक प्रकरण लिहिलं होतं मी," तो म्हणाला. "तिने काढून टाकलं."

"का? वाईट होतं?"

"वाईट नव्हतं. खोटं होतं."

फिक्रीने चहा मागवला, वगदीसाठीही, आणि विषय निवडणुकीकडे वळला. खरं बोलल्याने मन हलकं होतं असं वगदीने मुलांना जन्मभर शिकवलं होतं. त्याला काही हलकं वाटलं नाही. उलट आपल्या हातचं काहीतरी गेलं असं वाटत राहिलं.

ट्रामने तो घरी आला तेव्हा साफीनाज फोनवर होती. नाहिदच असावी. कैरोत वाचनाचा कार्यक्रम ठरत होता. तिने मानेनेच त्याला खूण केली, जेवण ओट्यावर आहे. त्याने मासे गरम केले, दोन ताटं वाढली, लिंबू चिरलं आणि तिचं बोलणं संपायची वाट पाहत बसून राहिला. पोटात जळत होतं, थोडं भुकेने आणि बाकीचं त्या जुन्याच कारणाने. पण तिच्याआधी त्याने घास घेतला नाही.